काचेतला कौल

आमची देवी तुम्ही काचेत कोंडलीत, साहेब. साफ करून महिन्याभरात परत देतो म्हणालात, त्याला तीन वर्षं झाली. आमच्या गावात देवीच्या कौलाशिवाय लग्न ठरत नाही. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. माझ्या पोरीला, प्राप्तीला, काशीदचं स्थळ येऊन वर्ष झालं. पोरगी ना इकडची ना तिकडची, आणि मुलाकडचे आता थांबायला तयार नाहीत.

म्हणून काल तुमच्या संग्रहालयात आलो. मूर्तीला हात लावू देत नाहीत, म्हणून माझ्या बायकोने, सखूने, शेजारच्या स्क्रीनवरच्या देवीलाच पाकळ्या चिकटवल्या.

"ओ मावशी, स्क्रीन खराब होईल!" शिपाई ओरडला. "तोंडाने विचारा, ती बोलते."

सखूने हात जोडले. "आई, काशीदला देऊ काय गो पोर?"

स्क्रीनवरची देवी गोड हसली. "ही माहिती माझ्याकडे नाही. कृपया संग्रहालयाच्या अधिकाऱ्यांना विचारा."



देवीनेच तुमच्याकडे पाठवलंय, साहेब. पोर काशीदला देऊ की नको, सांगा!