बंद पडली तरच

पिवळ्या फुलांचा पडदा, एका कडेनं उन्हात विटलेला.

डिझेल गाडी तापून बंद पडली तर आधी इंधन बघायचं, मग इंजिनाला नावं ठेवायची.

इंजिनाच्या घरघरीत आरवलेला कोंबडा. आरवणं मध्येच तुटतं.

हातात गंजलेलं झाकण.

"बंद पडली तरच फोन कर. एरवी नको."

हे शेवटचं वाक्य व्यंकटीचं. दोन वर्षांपूर्वी त्याची मुलगी विशाखा लातूरच्या क्लासमधली शिकवायची नोकरी सोडून गावोगाव भटकायला निघाली, तेव्हा तो हे बोलला. जाताना तिनं मॅटाडोर गाडी नेली. व्यंकटीनं ती म्हातारपणी बायकोला घेऊन हिंडायला म्हणून बांधली होती. झोपायची फळी, शेगडी, पाण्याची टाकी, सगळं आत.

बोललेला शब्द मागं घेणं व्यंकटीला जमत नसे. मुलगी त्याचीच, तिनं शब्द पाळला. पहिल्या वर्षी गाडी दोनदाच बंद पडली. यंदा उन्हाळ्यापासून मात्र दर आठवड्याला पडत होती.

आत्ताही फोन वाजला. विष्णुपुरीत दुपार तापली होती. व्यंकटी रेक्झिनच्या बैठकीवर सरकून बसला.

"बाबा, परत बंद पडली."

"कुठं हायेस?"

"मुरुडच्या अलीकडं. रस्त्याच्या कडंला."

"आवाज ऐकीव."

फोनमधून इंजिन घरघरलं, अडखळलं, बसलं. कोंबडा आरवला आणि आवाज मध्येच तुटला.

"कोंबडा हाय वाटतं तिथं."

"हाव. वस्ती हाय जवळ."

"मागं उदगीरलाबी असाच आरवला व्हता."

"कोंबडं काय, सगळीकडंच असतंय, बाबा."

"ते खरं हाय," व्यंकटी म्हणाला. बोलताना त्याच्या हाताला काहीतरी चाळा लागायचाच. आज झाकण होतं. ते तो बोटांत फिरवत होता. "किती चालली?"

"वीसेक किलोमीटर. मग जोर गेला. थंड झाली की चालू होते, थोडं गेलं की परत तसंच."

"फिल्टर?"

"मागच्या टायमाला बदलला की. तुमीच सांगितलेला."

"पाइपातली हवा काढली?"

"काढली. पंप मारून मारून हात गेला."

त्याच्या बायकोनं, भामाबाईनं, खिडकीतून चहाचा ग्लास आत दिला आणि बाहेरच उभी राहिली. "पडदे धुतले का, इचारा तिला."

विशाखाला ऐकू गेलं. "धुतले की, माय. मस्त दिसायलेत."

भामाबाई खिडकीच्या पडद्याची विटलेली कड बोटांत चुरगाळत राहिली.

"टाकीचं झाकण काढ," व्यंकटी म्हणाला. "हळू काढ आन कान दे. हवा आत वढल्यासारखा आवाज येतो का?"

व्यंकटीनं फोन कानाशी दाबला. मग, "आला. सुस्स केलं."

व्यंकटीनं हातातलं झाकण उलटं केलं. "त्याला टाचणीएवढं भोक असतंय. ते बुजलं की टाकीत हवा जात न्हाई, डिझेल वर चढत न्हाई. टाकी भरलेली आन इंजिन उपाशी." त्यानं भोकात फुंकर मारली. "तार घालून साफ कर."

"एवढंच व्हय?"

"एवढंच."

"म्हणजे आता बंद पडणार न्हाई."

व्यंकटीनं झाकण मांडीवर ठेवलं. "न्हाई."

फोन कुणीच ठेवला नाही.

"क्लचबी जरा धरतोय," विशाखा म्हणाली.

"कसा धरतोय?"

"जड लागतोय."

"आणिक?"

"आणिक... आरसा हलतोय."

व्यंकटीला हसू आलं. आरशासाठी कुणी मेकॅनिकला फोन करत नाही. "जेवतीस का येळेवर?"

"जेवते."

"खोटी हाय," भामाबाई बाहेरून म्हणाली. "पोरांना शिकवायची, पन हिला धड खोटं बोलायचं कुणी शिकवलं न्हाई. ये म्हणा की तिला. शब्द काय चाटायचाय?"

व्यंकटीनं चहा एका घोटात संपवला. उठला. उठताना सवयीनं मान वाकवली, तरी वरच्या पत्र्याला डोकं लागलंच. दोन पावलं इकडं, दोन पावलं तिकडं. परत बसला.

"विशाखा."

"हां, बाबा."

"इकडं ये."

ती म्हणाली, "गाडी एवढ्या लांब येईल का न्हाई, काय सांगावं."

"गाडी ऱ्हाऊ दे. एष्टीनं ये."

"आन गाडी रस्त्यावर सोडू?"

"तिची काळजी तू करू नको. ती मी बघतो."

आता फोनमध्ये इंजिन नव्हतं, कोंबडा नव्हता. नुसता नाक ओढल्याचा आवाज.

"सकाळच्या एष्टीनं येते," विशाखा म्हणाली.

मार्चमध्ये तिनं ती मॅटाडोर लातूरच्या एका भंगारवाल्याला विकली होती; एप्रिलमध्ये व्यंकटीनं ती, इंजिन काढून घेतलेली, ट्रकवर लादून विष्णुपुरीच्या अंगणात आणली, आणि तेव्हापासून मुलीचे सगळे फोन तो गाडीतच बसून घेत आला होता.