फळीखालचं रबर

"पुन्हा पाय," रेकॉर्डिस्ट म्हणाला आणि त्याने सहावा टेक पुसून टाकला.

काचेपलीकडे पियानोवर बसलेल्या मास्तरांनी मानही वर केली नाही. "राहू द्या की. पाय ऐकायला कोण येतंय?"

"माझा माइक ऐकतोय. ढोल बडवल्यासारखा आवाज येतो. निदान बूट तरी काढा."

"बूट राहतील."

"मग खाली सतरंजी घालतो."

"सतरंजी नको. तुम्ही तुमची बटणं सांभाळा."

रेकॉर्डिस्टने दात आवळले. तीस वर्षांत त्याने नाना तऱ्हेचे वादक पाहिले होते, पण असा अडेलतट्टू पाहिला नव्हता. नवरा पियानोवर, बायको सॅक्सोफोनवर, दोघांच्या स्वतःच्या आठ रचनांचा जाझ अल्बम. सात रचना कशाबशा निभावल्या होत्या. आठवी सगळ्यांत हळुवार, तिच्यात पाय लपायला जागाच नव्हती. त्यात मास्तरांचा हेका, आजच संपवायचं. का, तर म्हणे पुढच्या महिन्याचं काही सांगता येत नाही.

पण खरा राग पायाचा नव्हता. वहिनींचा होता, म्हणजे वहिनींसाठी.

वहिनी लाकडी पडद्याच्या पलीकडे उभ्या राहून वाजवायच्या. पियानोचा आवाज त्यांच्या माइकात शिरू नये म्हणून तो पडदा रेकॉर्डिस्टनेच मध्ये लावला होता. खरं तर त्यांना वेगळी खोली आणि हेडफोन द्यायचे होते. "ती हेडफोन लावत नाही," मास्तरांनी परस्पर सांगितलं. पाठमोऱ्या वहिनींना चहा विचारला तरी उत्तर मास्तरांचं. जाझ म्हणजे ऐन वेळी सुचेल ते खेळायचं. इथे सहाही टेकमध्ये वहिनींचा एक सूर इकडचा तिकडे झाला नव्हता. नवऱ्याने आखून दिलेल्या रेघेवरून बाई मुकाट चालत होती.

रेकॉर्डिस्टची बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. तिची वाक्यंही तो अशीच मध्येच तोडून पुरी करायचा. आता घरात अर्धं वाक्य टाकायलाही कुणी नव्हतं. ज्याच्याकडे आहे त्याला किंमत नाही, हे त्याला सहन होत नव्हतं.

मास्तर सिगारेट ओढायला बाहेर गेले, तशा वहिनी काचेच्या अलीकडे, त्याच्या खोलीत आल्या. अनवाणीच.

"वहिनी, रागावू नका," तो म्हणाला, "पण मास्तरांना जरा सुनवा. तो पाय अल्बम बुडवणार."

त्याचं बोलणं संपेपर्यंत वहिनी त्याच्या तोंडाकडे एकटक बघत होत्या. मग जरा मोठ्यानेच हसल्या. "भाऊ, त्या पायावर तर आमचा संसार उभा आहे."

"आणि तुम्हाला गार जमिनीवर अनवाणी उभं करणं? हेही त्यांनीच ठरवलं?"

"छे. हे माझं. चपला घातल्या की मला वाजवता येत नाही."

अजून नवऱ्याची बाजूच सावरतेय, त्याला वाटलं. वहिनी तोंडावर पाणी मारायला गेल्या आणि त्याचं डोकं फिरलं. त्याने कपाटातून जाड फोम रबराच्या दोन पट्ट्या काढल्या. मास्तरांचं स्टूल आणि पाय एकाच रुंद फळीवर असत. ती उचलून त्याने पट्ट्या खाली सरकवल्या. वर पाय आपटून पाहिला. जमिनीला पत्ता लागला नाही. आता आपट म्हणावं लेका, हवं तेवढं.

"सातवा टेक."

मास्तरांनी नेहमीसारखा चार वेळा पाय आपटला. रेकॉर्डिस्टच्या कानांत जवळजवळ काहीच आलं नाही. तो गालातल्या गालात हसला.

चार ठोके झाले की दोघांनी एकदम सुरू करायचं होतं. पियानो सुरू झाला. सॅक्सोफोन नाही.

रेकॉर्डिस्टला खुर्चीतून दोघंही दिसत होती. वहिनी डोळे मिटून, सॅक्सोफोन ओठांना लावून निवांत उभ्या होत्या. शेवटी केलं बंड बाईने, असं त्याच्या मनात आलं. बरंही वाटलं.

पियानो थांबला.

"वहिनी, जागा गेली तुमची," तो हॉलच्या स्पीकरवर म्हणाला. मग मोठ्याने, "वहिनी!"

त्यांनी डोळे उघडले नाहीत.

मास्तरांनी खाली पाहिलं. टाचेने फळी दाबून बघितली, वाकून एक पट्टी ओढून काढली आणि काचेसमोर धरली. फळीवरून उतरून ते उघड्या जमिनीवर आले आणि त्यांनी बुटाचे चार ठोके दिले.

वहिनींनी नेमकी सुरुवात केली.

मास्तर पियानोकडे गेलेच नाहीत. रबर हातात धरून, काचेतून रोखून बघत, पाय आपटत राहिले. पडद्यापलीकडे वहिनी रचना वाजवत गेल्या. जिथे पियानोने उत्तर द्यायचं होतं तिथे थांबल्या, छान वाजलं अशी मान डोलावली, आणि पुढे गेल्या.