दाबून भरलेली लोकर

खुटबावच्या हैबतरावांची पणती, बाळासोंची नात आणि मारुतरावांची थोरली लेक अनुपमा कापलेल्या सायलेन्सरपुढे उभी होती. आतली लोकर तिने काट्यावर ठेवली. काटा सहाशे ग्रॅमवर थांबला. तिने ती उचलून पुन्हा ठेवली. सहाशेच.

ड्रॉइंगमध्ये नऊशे लिहिले होते. त्यापुढे तिच्याच अक्षरात सूचना होती : दाबून भरावी.

कोरेगाव भीमाच्या त्या कारखान्यात मोटारींचे सायलेन्सर आखण्याचे काम ती दोन वर्षे करीत होती. इंजिनाचा धूर भोके पाडलेल्या नळीतून बाहेर जातो. नळीभोवती काचेची लोकर भरलेली असते आणि ती आवाज पोटात घेते. नव्या गाडीसाठी पाच नमुने करायचे होते. सोमवारी पहिले चार तपासले. गाडीने साठचा वेग घेतला की ती घुमू लागे आणि पायाखालचा पत्रा थरथरे. अनुपमेने त्याच दिवशी अहवाल लिहिला. दोष आखणीचा नसून लोकर भरणाऱ्या बायकांच्या हलगर्जीपणाचा आहे, असे तिने त्यात स्वच्छ शब्दांत नोंदवले. त्या बायकांची मुख्य म्हाळसाबाई होती. अहवाल मालकांकडे गेला आणि शनिवारपासून म्हाळसाबाईचे नाव मस्टरवरून कमी करावे, असा हुकूम निघाला.

आज शुक्रवार होता. सकाळी पाचवा नमुना गाडीला लावला. तो इतका शांत निघाला की इंजिन बंद पडले समजून चालकाने पुन्हा किल्ली फिरवली. म्हणूनच तिने तो उतरवून कापला होता.

अनुपमेने घुमणाऱ्या नमुन्यांपैकीही एक कापून पाहिला. त्यात बरोबर नऊशे ग्रॅम लोकर होती, विटेसारखी घट्ट. बायकांनी तिचा शब्द ग्रॅमभरही मोडला नव्हता.

ती भरणीच्या शेडमध्ये गेली.

"पाचवा कोणी भरला?"

"म्या भरला," म्हाळसाबाई म्हणाली. पन्नाशी ओलांडलेली, शिरूरकडच्या धनगराची बाई. "उद्या जायाचंच हाय. म्हनलं, एक तरी मनासारखा भरावा."

"पण सहाशेच का?"

"लोकर कोंबली की मरती, बाई. तिला मोकळी पिंजावी, सैल ठिवावी, मग ती गिळती आवाज. घोंगडं घट्ट विनत्यात, उशी न्हाई घट्ट भरत. दगडावानी उशी केली तर तुम्हाला तरी झोप यील का?"

पलीकडच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. म्हाळसाबाई मात्र हसली नाही.

"गेल्या म्हैन्यात म्या ह्येच बोलले हुते. तुम्ही म्हनला, लिवलंय तेवढं करा."

अनुपमेला ते आठवत होते.

शेडबाहेर व्यवस्थापक पोपटराव वाट पाहत होते. त्यांनी आवाज खाली घेतला. "मॅडम, अहवाल वर गेलाय. आता ड्रॉइंगमधला आकडा तेवढा गुपचूप बदला. बाई उद्या जातीयच. मेंढरामागनं आलेली बाई आपल्या मॅडमपरीस शहाणी निघाली, हे मालकांच्या कानावर गेलं, तर तुमची खुर्ची राहायची का?"

पोपटराव खोटे बोलत नव्हते. खुर्ची राहणार नव्हती.

ज्या घरात अनुपमा वाढली, त्या घराला जमीन होती, मान होता, गावाच्या निवाड्यात पहिला शब्द होता. हैबतरावांपासून त्या घरात एकच शिकवण चालत आली होती : दिलेला शब्द मागे घ्यायचा नाही, आणि लावलेला दोषही नाही. पहिल्या अर्ध्याने घराण्याचे नाव मोठे केले. दुसऱ्या अर्ध्याबद्दल घरात कधी कोणी बोलले नाही.

ती टेबलाशी बसली आणि तिने दुसरा अहवाल लिहिला. तो चार ओळींचा होता. चूक आखणीची आहे, आखणी माझी आहे, पहिल्या अहवालातील आरोप निराधार आहे, पाचवा नमुना म्हाळसाबाईंच्या ज्ञानाने सुधारला आहे. तो कागद तिने शिपायाच्या हाती दिला नाही. स्वतः नेऊन मालकांपुढे ठेवला.

दुपारपर्यंत दोन्ही निर्णय झाले. म्हाळसाबाईचे नाव मस्टरवर राहिले. नव्या गाडीचे काम अनुपमेकडून काढून घेण्यात आले.

मग ती पुन्हा शेडमध्ये गेली. बारा बायकांचे हात थांबले.

"म्हाळसाबाई, चूक माझी होती. मी तुमच्यावर खोटा दोष ठेवला. सर्वांसमोर सांगते, मला क्षमा करा."

म्हाळसाबाईने हातमोजे काढले. ती उठून अनुपमेसमोर उभी राहिली.

"खुटबावच्या हैबतरावांच्या पणती ना तुम्ही?"

"हो. तुम्हाला कसे ठाऊक?"

"तुम्ही हितं आला त्या दिशीच कळलं हुतं. माझ्या आज्यानं उभ्या जवारीत मेंढरं घातली, असा आळ घेतला हुता तुमच्या पणज्यानं. भर गावात. मागनं कळलं, जवारी खाल्ली ती त्यांच्याच बैलांनी. पर त्ये गप बसलं. आजा म्हनायचा, मला काय बी नगं, चार मान्सांत 'चुकलं' म्हना. मरस्तवर वाट बघितली त्यानं."

तिने अनुपमेचे दोन्ही हात आपल्या खरबरीत हातांत घेतले.

"आज पोचलं, बाई. आता तुमच्या घराकडं आमचं काय बी येणं न्हाई."