रुसलेला मेंढा

एल्डनच्या लेकीचं लग्न झालं, ते अठ्ठावन्न साल. अमेरिकेतल्या वायोमिंगच्या एका कॉलेजात सगळी धनगरांची पोरं, म्हणून खेळाच्या संघाचं नावच 'मेंढे'. एल्डनने बाटलीने दूध पाजून वाढवलेला बार्ली नावाचा मेंढा दर सामन्याआधी मैदानाला फेरी मारायचा. त्या वर्षी समोरच्या कॉलेजच्या पोरांनी दरवर्षीच्या खोडीच्या रिवाजाप्रमाणे बार्लीला पळवलं आणि शनिवारी, ऐन सामन्याआधी, वाजतगाजत मेंढा परत आणला.

"ये रे राजा," म्हणत एल्डनने हात पुढे केला, तर मेंढ्याने शिंगं रोखली.

"एल्डनबाबा, रुसलाय तुमच्यावर! पाया पडा त्याच्या!" लोक खदखदून हसले.

एल्डनने त्या पोरांकडे पाहिलं. एकाचीही मान वर होईना. त्याने दोर धरला आणि मेंढ्याला फेरी मारून आणलं.



बार्ली शुक्रवारीच मेला होता, त्या पोरांच्या बंद गाडीत गुदमरून.