चाकांवरचं टेबल

ऑर्विननं काडतुसं भरायच्या प्रेसचा दांडा खाली ओढला आणि टेबलाचा अख्खा गाडा सरकत त्याच्या पोटावर आला.

"चारही ब्रेक लावलेत," तो मुलीला म्हणाला. "चारही. तरी हे ध्यान चालत सुटतं."

टेस फरशीवर गुडघे टेकून चाकांमागे लाकडी पाचरी ठोकत होती. सकाळपासून बापलेकीची हीच झटापट चालली होती. काडतुसं भरायचं ऑर्विनचं टेबल इतकी वर्षं गॅरेजच्या भिंतीला ठोकलेलं होतं. ते त्यानं परवा करवतीनं कापून चाकांवर चढवलं, कारण मार्लिसनं यंदा नवऱ्याला निक्षून सांगितलं होतं, हिवाळ्यात एक तर माझी गाडी आत राहील, नाहीतर मी बहिणीकडे राहीन. गॅरेज एवढंसं. गाडी आली की टेबल कोपऱ्यात, गाडी गेली की टेबल मधोमध. बोलायला सोपं होतं.

मार्लिस स्वयंपाकघराच्या दारातून डोकावली. पाचरी बघून म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं."

"अंगण वाकडंच आहे," ऑर्विननं पाणसळ फरशीवर ठेवून तिला बुडबुडा दाखवला. खोटं नव्हतं ते. बर्फाचं पाणी वाहून जावं म्हणून आमच्याकडे सगळ्याच गॅरेजांची फरशी दाराकडे उतरती असते.

"मला काय दाखवतोस? त्या फरशीला दाखव," म्हणून मार्लिस आत गेली.

ऑक्टोबर संपत आला होता; शनिवारी एल्क हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडणार होता. आमच्या खोऱ्यात एक नियम आहे, कुणी लिहून ठेवलेला नाही पण सगळे पाळतात: दुसऱ्यानं भरलेलं काडतूस आपल्या रायफलीत घालायचं नाही. सख्ख्या भावानं भरलेलं असलं तरी नाही. टेस मात्र पोरवयापासून बापाच्याच काडतुसांवर शिकार करत आली होती, आणि ऑर्विनला दुसऱ्या कशाचा नसेल एवढा त्याचा माज होता. गेल्या वर्षी डोंगरावर तिनं चाप ओढला आणि नुसतं फुस्स झालं. पुंगळीत दारूच भरलेली नव्हती. गोळी नळीत अडकून बसली. तिच्या वेळीच ध्यानात आलं म्हणून निभावलं. त्यावर दुसरी झाडली असती तर नळी तिच्या तोंडावर फुटली असती.

"टेबल हललं असणार," ऑर्विन तेव्हा म्हणाला होता, टेबल भिंतीला ठोकलेलं असूनही. तेव्हापासून त्यानं टेबलाचाच ध्यास घेतला होता. यंदा पोरीला आपलीच काडतुसं द्यायची, आणि एकही फुसकं निघता कामा नये.

"थांबा बाबा," टेस म्हणाली आणि ट्रकमधून मिठाच्या गोण्या घेऊन आली, बर्फावर टाकतात ते जाडं मीठ. उताराकडच्या चाकांखाली तिनं लाकडी पट्ट्या सारल्या आणि गाड्याच्या खालच्या फळीवर त्या गोण्या एकावर एक रचल्या. मग खांदा लावून गाडा रेटून पाहिला. जागचा हलेना. ऑर्विननं दांडा ओढला, पुन्हा ओढला. गाडा खांबासारखा उभा. त्यानं पाणसळ उचलून गाड्यावर ठेवली. बुडबुडा मधोमध.

"आता बाहेर हो," तो म्हणाला. "दारू मापताना कुणी उभं राहिलेलं मला चालत नाही."

टेस दारापर्यंत गेली आणि तिथंच थांबली.

ऑर्विननं चष्मा पुसला आणि छोट्या तराजूपुढे बसला. चमच्यानं चिमूटचिमूट दारू पारड्यात सोडायला लागला. काटा वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. दाणे पारड्याबाहेर सांडले. त्यानं पारडं रिकामं केलं, दाताखाली एक शिवी चावली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा सांडले.

"हलतोय," तो म्हणाला. "अजून हलतोय भिकारडा."

टेसनं पाणसळीकडे पाहिलं. बुडबुडा होता तिथंच होता. मग तिनं त्याच्या हातातल्या चमच्याकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "हलतोय जरासा. आणखी एक गोणी आणू?"

त्यानं चमचा खाली ठेवला आणि उजवा हात डाव्या हाताखाली दाबून धरला. त्याला संताप आला होता. चाकांचा आला होता, फरशीचा आला होता, आणि पोरीचाही आला होता, कारण ती हो म्हणाली होती.

"दुकानातून एक डबा घेऊन ये," तो शेवटी म्हणाला. "तुझ्या रायफलीच्या मापाचा. विकतचा. एवढ्या हंगामापुरता. हा गाडा धड होईपर्यंत."

"बाबा, अहो..."

"गाडाच धड नाही तर मी काय करू? जा, दुकान बंद होईल."

"बरं. बघते. हंगामाच्या तोंडावर काय उरलं असेल कुणास ठाऊक."

"उरलं असेल," ऑर्विन म्हणाला. "असला माल घेतंय कोण."

टेस ट्रक घेऊन निघाली. धान्याच्या कोठाराआड वळली आणि तिथंच थांबली. काडतुसांचा विकतचा डबा तिच्या सीटखाली होता, सप्टेंबरपासून. दुकानात जाऊन यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ ती इंजिन चालू ठेवून तिथं बसून राहिली.