खुणेचा ग्लास

“सांडू नका रे! थोडं तुझ्यातलं तिच्यात, थोडं तिच्यातलं तुझ्यात. तीनदा बदलता येईल, तेही वेगवेगळ्या जणांशी. ज्याला नको असेल त्याने बदलू नये, कुणाची जबरदस्ती नाही.”

नववीचा वर्ग हातात पाण्याचे ग्लास घेऊन खिदळत होता. आरोग्य केंद्रातून आलेल्या सिस्टरची आजची ही तिसरी शाळा. पायांचे पार तुकडे पडले होते आणि घसा बसला होता. वर्गशिक्षिका बाई मात्र उत्साहात होत्या. “सिस्टर, चहा घेतल्याशिवाय सोडायची नाही हं मी,” असं त्यांनी आल्या आल्याच बजावलं होतं. फळ्यावरचे मुद्देही त्यांनीच लिहून दिले होते, मोत्यासारख्या अक्षरात. एचआयव्ही कशाने पसरतो, कशाने पसरत नाही. ‘कंडोम’ या शब्दापाशी खडू अडला, तिथे त्यांनी ‘योग्य साधन’ असं लिहून वेळ मारून नेली. मग सिस्टरनेच तो शब्द मोठ्याने उच्चारला आणि वर्ग पाच मिनिटं हसत राहिला.

सिस्टर तपासणीच्या औषधाची बाटली घेऊन बाकांमधून फिरली. प्रत्येक ग्लासात एकेक थेंब. तीस ग्लासांपैकी एकातच सोड्याचं पाणी होतं, पण ते ज्याच्या ज्याच्या ग्लासात पोचलं होतं तिथे तिथे पाणी गुलाबी झालं. असे अकरा निघाले. दोघांना तिने झाकणं दिली होती. झाकण लावून नुसते ग्लासाला ग्लास भिडवत फिरले म्हणून मघाशी त्यांची टर उडवली होती सगळ्यांनी. त्यांचं पाणी स्वच्छ राहिलं.

“बघून कळत होतं का कुणाला?” तिने विचारलं. “नाही ना? म्हणून तपासून घ्यायचं. शरीरसंबंधातून पसरणारे बरेच आजार औषधाने पूर्ण बरे होतात. एचआयव्ही मुळापासून जात नाही, पण रोज गोळी घेतली तर आटोक्यात राहतो.”

“पण सिस्टर, सुरुवात कुणी केली?” वर्गातला उंच मुलगा उभा राहिला. उत्तराची वाट न बघता त्याने बोटं मोजत हिशेब मांडला. हा त्याच्याकडून, तो तिच्याकडून. करता करता त्याचं बोट शेवटच्या बाकावरच्या मुलीपाशी येऊन थांबलं.

“मी तर एकदाच बदललं,” ती मुलगी म्हणाली. “फक्त हिच्याशी.” तिने शेजारच्या मैत्रिणीकडे बोट केलं.

“आणि हिने तुझ्याआधी माझ्याशी बदललं होतं, तरी माझं पाणी स्वच्छ आहे! म्हणजे सोडा तुझ्याच ग्लासात होता!”

“सोडावॉटर!” मागून कुणीतरी ओरडलं आणि वर्गात हशा पिकला. शेजारची मैत्रीण हसली नाही, पण बाकावर जरा पलीकडे सरकली.

सिस्टरने मुलीचा ग्लास उचलून तळ बघितला. सोड्याचा खुणेचा ग्लास, तळाला नखपॉलिशचा ठिपका असलेला, तिने कायम स्वतःच्या हातात ठेवायचा असा तिचा नियम होता. पहिल्याच वर्षी तो एका मुलाच्या हाती गेला होता. चिडवण्याला कंटाळून पुढे त्याने शाळाच बदलली. आज दमलेल्या हातांकडून तो ट्रेमध्ये तसाच राहिला. तिला स्वतःचा संताप आला.

“तो माझा ग्लास आहे. चुकून तिच्याकडे गेला.”

“पण होता तर तिच्याकडेच ना!” उंच मुलगा म्हणाला. “सोडावॉटर, सोडावॉटर,” हे आता एका सुरात चाललं होतं. मुलीने मान खाली घातली होती. हे नाव दहावी होईपर्यंत तिचा पिच्छा सोडणार नाही हे सिस्टरला दिसत होतं.

“खेळातलं राहू दे,” ती म्हणाली. “खरं सांगते. मला आहे.”

बाईंनी वहीतून मान वर केली.

“एचआयव्ही. बारा वर्षं झाली. मीही एकाशीच... माझ्या नवऱ्याशी. आधी तपासून घ्यावं हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. रोज एक गोळी घेते आणि तुमच्यासारख्यांशी घसा फोडत हिंडते. आता ठेवा माझं नाव काय ठेवायचं ते.”

उंच मुलगा खाली बसला. मैत्रीण होती तिथे परत सरकली. बारा वर्षं डॉक्टरांखेरीज बाहेरच्या कुणालाही न सांगितलेली गोष्ट अशी नववी ‘ब’मध्ये सांगून झाली होती, आणि सिस्टरला नुसतं खाली बसावंसं वाटत होतं.

घंटा झाली. वर्ग रिकामा झाला. शेवटच्या बाकावरची मुलगी तेवढी मागे राहिली, आज फळा पुसायची पाळी तिची होती. शिपाई चहा घेऊन येत होता. बाई लगबगीने दारापर्यंत गेल्या, त्याच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलल्या. तो ट्रे घेऊन मागे फिरला आणि थोड्या वेळाने परत आला. ट्रेमध्ये निळ्या फुलांची एक कपबशी होती आणि एक कागदी ग्लास.

बाईंनी कपबशी उचलली. “घ्या ना सिस्टर, गरम आहे तोवर,” त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या.

सिस्टरने कागदी ग्लास घेतला. बोटं भाजली. रागवायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. अजून एक शाळा बाकी होती.

फळा पुसता पुसता मुलगी वळली. तिने ट्रेकडे पाहिलं, मग बाईंच्या हातातल्या कपाकडे. पुन्हा फळ्याकडे वळून तिने उरलेलं सगळं नीट, कोपऱ्यांसकट पुसलं, डस्टर टेबलावर ठेवला, हात झटकले आणि दप्तर उचलून निघून गेली.

फळ्यावर बाईंच्या मोत्यासारख्या अक्षरातली एकच ओळ तिने ठेवली होती. ‘एकाच कपातून चहा प्यायल्याने पसरत नाही.’