बाहेरचा श्रोता

मला दुसऱ्या कार्यक्रमाची तारीख मिळाली. पण ती मिळालीच नाही, असं समजा. पहिल्या कार्यक्रमात, कॅफेत, मी गायलेली माझी स्वतःची गाणी ऐकायला फक्त बाबा आले होते, टेलरिंगचं दुकान बंद ठेवून. माझ्या शर्टाच्या उरलेल्या कापडातून त्यांनी स्वतःलाही शर्ट शिवला होता. शेजारी उभे राहून आम्ही एकाच खिडकीचे दोन पडदे दिसत होतो. कॅफेचा मालक म्हणाला, "घरची माणसं श्रोत्यांत मोजत नाही. बाहेरचं कोणी असेल, तरच पुढची तारीख. हे कोण?" "फॅन आहेत," मी म्हणालो. "शर्टही माझ्यासारखेच घालतात." बाबांनी शांतपणे कागदी रुमाल पुढे केला. "सर, सही द्याल?" मी खाली बघत दिली. तेव्हापासून घरीही ते "सर, जेवायला चला" म्हणतात, हसत नाहीत. तरी बाबांनी सदर सही रद्द करून अर्जदारास मुलगा या पदावर पुन्हा रुजू करून घ्यावे, ही विनंती.